उजव्या कळीचा डिंक

शंकर, आज तुझ्या पिंडाला कावळा शिवत नव्हता.

नऊ वाजता महेशनं पिंड ठेवला. सव्वादहा झाले तरी एक पाखरू खाली उतरेना. येरळा नदीच्या काठच्या बाभळीवर पाच-सहा कावळे बसलेले सगळ्यांना दिसत होते. चोची घासत होते, एकमेकांच्या अंगावर ओरडत होते, पण खाली म्हणून येत नव्हते. माणसं ऊन डोक्यावर घेऊन वाळूत उभी होती, आणि बाया जरा लांब, बांधाच्या सावलीत बसल्या होत्या.

तू असतास तर मला कोपरानं ढोसलं असतंस. "सांग की मास्तर आता तुजं इज्ञान, त्या बाभळीवरल्यांना." मी सांगितलंही रे. सवय कुठं जाते? म्हटलं, गर्दी मागं घ्या, माणसं बघून पाखरं बुजतात. कुणी एक पाऊल हललं नाही. एकतीस वर्षं या गावाच्या पोरांना शास्त्र शिकवलं मी, आणि त्यातलीच निम्मी पोरं डोक्याला रुमाल बांधून समोर उभी होती.

मग नेहमीसारखं सुरू झालं. महेश म्हणाला, आबा, आईला अंतर देणार नाही. कावळे हलले नाहीत. तुझा भाऊ म्हणाला, बांधाचं भांडण मिटवतो. तरी नाही. सरपंच पुढं आले, देवळाचं शिखर याच वर्षी पुरं करतो म्हणाले, आणि तुला माहीत आहे सरपंचांचं बोलणं, त्याला कावळा काय भुलणार! शेवटी महेश माझ्याकडं वळला. "मास्तरकाका, आबांचं तुमच्यापाशीच काय तरी राहिलं असंल. तुमी बोला काय तरी."

माझ्या सदऱ्याच्या खिशात तो कागद होता. तिसऱ्या दिवशी महेशनंच दिलेला. त्याला काय कल्पना, आपण काय मागतोय याची!

तो कागद म्हणजे काय, हे मी तुला सांगायची गरज नाही. पण मला एकदा सगळं पहिल्यापासून ओळीनं म्हणायचं आहे. नऊ वर्षांत मी ते मनात कधी सरळ म्हटलेलं नाही, प्रत्येक वेळी मधलं काहीतरी गाळून म्हटलं.

नऊ वर्षांपूर्वीची ती सकाळ. मी शाळेत जायच्या आधी नेहमीसारखा देवळाच्या पायरीवर बसलो होतो, चपला घालून. तू आत भैरोबाची पूजा करायचास, मी बाहेरून वाद घालायचो, आणि उंबरा आपल्या दोघांच्या मधे. आदल्या दिवशी शाळेत चमत्कारांच्या प्रयोगांचा कार्यक्रम झाला होता. पाण्यानं नारळ पेटवून दाखवला होता मी, पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि ती हवा अजून डोक्यातून उतरली नव्हती. तुला म्हटलं, तुझा कौल काय आणि माझा नारळ काय, सारखंच. देवाच्या दोन खांद्यांना ओल्या कण्हेरीच्या कळ्या लावायच्या, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पाणी सुकलं की कळी पडते. यात देव कुठं आला?

तू शांतपणे म्हणालास, "देव बगतोय, मास्तर."

"कुठनं बघतोय? त्या चांदीच्या डोळ्यांतनं?"

तू चिडला नाहीस. तू चिडायचा नाहीस, हीच तर माझी खरी तक्रार होती. कळशी उचललीस आणि देवाच्या अंघोळीचं पाणी आणायला आडावर गेलास. गाभारा उघडाच. आणि मी उठलो. तसाच, चपलांसकट, आत गेलो. मेणानं चिकटवलेले ते दोन डोळे, बोटानं नुसते उचलले तर निघाले. मनात एवढंच होतं की तू आलास की विचारायचं, सांग, आता काय दिसतंय तुझ्या देवाला? तुझं तोंड कसं होतं ते बघायचं आणि डोळे परत द्यायचे. पाच मिनिटांचा खेळ.

तेवढ्यात वेशीवरून शाळेच्या गाडीचा हॉर्न वाजला. साताऱ्याला पोरांच्या स्पर्धा होत्या, मला न्यायला आले होते, आणि मी ते साफ विसरलो होतो. डोळे खिशात, मी पळत गाडीत. वाटलं, उद्या येऊन देऊ, मजाच येईल आणखी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरलो तर वेशीवर माणसं. तू पाणी घेऊन आलास, देव आंधळा दिसला, आणि तू बोंब ठोकलीस. त्या वेळी देवळात कोण होतं? मागचं आवार झाडून नुकती पुढं आलेली हिराबाई. नवऱ्यामागं एकटी, देवळाची झाडलोट करून राहणारी. झालं. तिची झोपडी उलटीपालटी केली होती, हंडे रस्त्यावर पडले होते. आडावर तिला पाणी भरू देत नव्हते. एक जण माझ्याच देखत म्हणाला, "हात तोडाया पायजेत असल्याचं."

हात तोडायला पाहिजेत. आणि माझा हात खिशात, त्या डोळ्यांवर.

तेव्हा बोलायचं होतं, शंकर. एक वाक्य पुरलं असतं. पण माझ्या डोळ्यांपुढं माझी शाळा आली, माझं नाव आलं. शास्त्राचे सर चोर! घरी गेलो, बायकोलासुद्धा सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ते डोळे शाळेच्या प्रयोगशाळेत, मोरचुदाच्या बरणीमागं ठेवले, आणि कपाटाला कुलूप लावलं.

चार दिवसांनी कौल लावायचं ठरलं. हिरानं चोरी केली का, हा सवाल. उजवी पडली तर तिनं गाव सोडायचं. तिला देवळाच्या दारात उभी केली होती, अनवाणी, भर दुपारी. फरशी तापलेली, ती पाय बदलत होती, एकदा हा, एकदा तो. आणि मी काय केलं? मी भाषण दिलं. होय, त्या सगळ्या लोकांपुढं मी पृष्ठताण समजावून सांगितला. पाण्याचे कण एकमेकांना कसे ओढतात, कळी का चिकटते, वारा कुठल्या बाजूनं येतो. एकूण एक शब्द खरा होता. त्यात फक्त चोर कोण ते नव्हतं. लोक म्हणाले, मास्तर, खाली बसा. आणि मी बसलो.

तू कळ्या लावल्यास. उजवी लावताना तुझं बोट क्षणभर जास्त थांबलं, ते मी पाहिलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. हिरा पाय बदलायची थांबली होती. मग टप्पकन डावी पडली. तू बाहेर येऊन म्हणालास, "बाई निर्दोस हाय. देवानं सांगिटलं." आणि ती तिथंच फरशीवर बसली. रडली नाही, नुसती बसली.

त्या आठवड्यात मी ते डोळे आणून दिव्याच्या कोनाड्यात ठेवले. हातात सापडेल त्या कागदात गुंडाळले. उत्तरपत्रिकेचं पान होतं ते, आणि त्यावर माझ्याच लाल शाईतलं अक्षर. एकतीस वर्षं पोरांना सांगितलं की पेपर देण्याआधी एकदा वाचून बघा, आणि स्वतः मात्र बघितलं नाही! सकाळी तू गावाला सांगितलंस, डोळे मिळाले. लोक म्हणाले, देवानं आपले डोळे परत मागवले. पुढं चार गावांची माणसं दर्शनाला येऊ लागली. माझ्या भित्रेपणानं गावात एक चमत्कार वाढला, आणि मी रोज पायरीवर बसून त्याची टर उडवत राहिलो. निर्लज्जपणाला काही सीमा?

त्यानंतरच्या पहिल्या सणाला तू कौल लावायला नकार दिलास. हात कापतोय म्हणालास. गाव रागावलं, देवाची तुझ्यावर खप्पा मर्जी झाली असं म्हणू लागलं. तुझ्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला मान, तू सोडून दिलास. मी तुला म्हटलं, शाबास, शहाणा झालास. तेव्हा तू इकडंतिकडं बघितलंस आणि हळूच सांगितलंस, "उजवी कळी म्या डिंकानं चिकटवली हुती, मास्तर. बाभळीचा डिंक. देवाच्या नावानं खोटं बोललो म्या. आता पुन्ना त्याच्या खांद्याला हात लावू कसा?"

मला किती आनंद झाला होता, आठवतं? वाद जिंकल्याचा आनंद! मी लगेच पकडलं तुला. "म्हणजे देवावर तुझाच विश्वास नाही. देव खरा असता तर डिंक कशाला लागला असता?"

तू बराच वेळ वाती वळत राहिलास. मग म्हणालास, "देवाची परीक्षा बगाया बाई पनाला लावू व्हय?"

शंकर, त्या क्षणी मला कळायला हवं होतं की तुला माहीत आहे. मीच तर लावली होती ना रे, देवाची परीक्षा बघायला, बाई पणाला! तू बोलत होतास माझ्याशी, माझ्याबद्दल. आणि मी म्हटलं, हे भावनिक उत्तर झालं, मुद्द्याचं बोल. तू हसलास आणि वात दिव्यात घातलीस.

आता मागं वळून बघतो तर तू किती वेळा दार उघडून ठेवलं होतंस! तू पाणी आणायला गेलास तेव्हा पायरीवर मी बसलो होतो, हे गावात फक्त तुला माहीत होतं. तू ते कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाहीस. औंधला यमाईच्या दर्शनाला मला ओढून नेलंस, मी खालीच थांबलो, तू वर जाऊन आलास आणि विचारलंस, "काय मागू का तुज्यासाठी? माफीबिफी?" मी म्हटलं, कशाबद्दल? तू म्हणालास, "आसंच." एकदा सरळ विचारलंस, "तुजं खरं म्हंजे काय रं मास्तर? जे शिद्ध हुतं ते, का जे सांगिटलं जातं ते?" त्यावर मी तुला अर्धा तास व्याख्यान दिलं. काय शिकवत होतो मी तुला? कुठल्या तोंडानं?

आणि सांगलीच्या दवाखान्यातला तो शेवटचा दिवस. नळी लावलेली, बोलताना दम लागत होता. तू महेशला चहाला पाठवलंस. दार लोटलं गेल्यावर माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालास, "मास्तर, काय सांगायचं हाय का तुला?"

घशाशी आलं होतं रे, आईशपथ. जिभेवर होतं. मी म्हटलं, "तू आधी बरा हो. मग निवांत बोलू." तू मान हलवलीस आणि भिंतीकडं तोंड केलंस. मी तासाभरानं एसटी धरली. विट्याच्या स्टँडवर उतरतोय तेवढ्यात महेशचा फोन आला.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर महेशनं देवाची पेटी उघडली. वस्त्रांच्या खाली एक घडी केलेला कागद होता. "काका, ह्ये तुमचंच अक्षर ना? आबांनी देवाच्या पेटीत का ठेवलं असंल?" मी घडी उलगडली. मेणाचे दोन गोल डाग. लाल शाईत माझं अक्षर: 'उत्तर अर्धवट. कारण दिलेलं नाही.' कुठल्या पोराचा पेपर होता देव जाणे. होय, देव जाणे म्हणालो, हसू नकोस.

नऊ वर्षं तो कागद तुझ्या देवाच्या पायाशी होता. तू तो मला दाखवू शकला असतास. गावाला दाखवू शकला असतास. मी रोज पायरीवर बसून तुझ्या श्रद्धेची साल काढायचो, तेव्हा चार हातांवर तो पेटीत होता.

मला तुझा रागही आहे, शंकर. आज नाही बोललो तर कधी बोलणार? माझ्या एक कानाखाली ओढायची होतीस! वाट कसली बघत बसलास? तुला वाटत होतं माझ्या तोंडून आपणहून यावं, म्हणजे त्याला किंमत. छान. पण तुझ्या-माझ्या या शिष्टाचारात हिराबाईचं काय? तू तिला कौलानं सोडवलंस, पण चोर सापडला नाही, म्हणून ती कायमची अर्धी संशयातच राहिली. तिनं देवळाची झाडू पुन्हा हातात घेतली नाही. तिच्या हातचं पाणी घेताना बाया अजून क्षणभर थांबतात, हे तू पाहिलं नव्हतंस का? तू मला सांभाळलंस, आणि त्याची भरपाई ती करत राहिली. हा वाद आपला राहिला आहे. यात मी तुला सोडणार नाही.

पण आधी माझं.

तर महेश म्हणाला, काय तरी बोला. मी पिंडाजवळ गेलो. कावळ्यासाठी नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. खिशातून कागद काढला. घडी उलगडून तो सगळ्यांपुढं धरला. मग म्हटलं, "भैरोबाचे डोळे मी काढले होते."

लोकांना कळलंच नाही आधी. सरपंच म्हणाले, "काय म्हनतायसा मास्तर?" मी पुन्हा म्हटलं. मग सगळं म्हटलं, चपला, हॉर्न, कपाट, पृष्ठताण. तुझा डिंकही सांगितला. तुला विचारलं नाही, माफ कर, पण तुझा डिंक सांगितल्याशिवाय माझं खरं पुरं होत नव्हतं. कुणीतरी शिवी दिली. तुझ्या भावानं मला मारायला हात उचलला, तो महेशनं धरला. माझे जुने विद्यार्थी माझ्याकडं अशा नजरेनं बघत होते की ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. वर्गात उत्तर चुकलं की पोरं खाली बघतात, तसा मी वाळूकडं बघत होतो.

बांधाच्या सावलीतून हिराबाई उठली. वाळूतून सावकाश चालत आली. लोकांनी वाट दिली. माझ्यापासून दोन हातांवर थांबली.

"मास्तर," ती म्हणाली, "नऊ वरसं झाली, रोज दिवा लावताना म्या देवाला येकच मागिटलंय. ज्यानं माज्यावर आळ आनला, त्याचं वाटुळं हूं दे. नाव ठावं न्हवतं. आज घावलं."

मी म्हटलं, "बाई, चुकलो मी."

"ते हितं नका म्हनू. हितं नदीत मला कुनी हुबं केलं न्हवतं. देवळाच्या दारात केल्यालं, बारा वाजता, उनात. तितं या. ऐतवारी. गावाफुडं आन् भैरोबाफुडं म्हना. तुमी देव मानत नसला तर नका मानू. मी मानती."

मी येतो म्हणालो. ती वळून गेली.

आणि मग मागून कुणीतरी ओरडलं, शिवला! सगळे वळले. पिंड एका बाजूनं उकरलेला होता, भाताची शितं वाळूत पडली होती, आणि बाभळ रिकामी. कधी आला, किती आले, एकानंही पाहिलं नव्हतं. सगळं गाव तेव्हा माझ्याकडं बघत होतं. आता पारावर दोन तट पडलेत. एक म्हणतो, मास्तरनं कबूल केलं म्हणून शिवला. दुसरा म्हणतो, माणसं पिंडाकडं पाठ करून उभी राहिली म्हणून. माझं मत तुला माहीत आहे. तुझंही मला माहीत आहे. आणि आज पहिल्यांदा मला ते पुढं बोलायचं नाही.

बायकोनं दुपारी ताट माझ्यापुढं सरकवलं. आणि तशीच आत गेली. तेही माझंच.

परवा रविवार. तू नसणार. महेश गाभाऱ्यात असेल, हिराबाई दारात उभी असेल, आणि गाव सगळं लोटेल. बाराच्या उन्हात ती फरशी कशी तापते, हे मी पायरीवरून नुसतं बघत आलोय. मी येईन, शंकर. पायरीपाशी चपला काढीन, आणि तिचं समाधान होईपर्यंत त्या फरशीवर उभा राहीन.